कॅसेटीतलं गाव आणि कॅमेऱ्याची निवड

धानाचा रोवणा आटोपला, हाताला थोडी सवड मिळाली, म्हणून आज जरा वेगळा विषय घेऊन आलो आहोत. आज बोलायचं आहे कॅमेऱ्याबद्दल. फोटोचा नव्हे, चालतंबोलतं चित्र घेणारा, लग्नात ज्याला आपण 'शूटिंगचा कॅमेरा' म्हणतो, तो.

विषय निघाला आमच्या बचत गटाच्या बैठकीत. आम्ही गोसीखुर्दच्या पाण्याखाली जुनं गाव गेलेल्या आणि नव्या गावठाणात संसार थाटलेल्या बाया. जुनं गाव नीट आठवणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत. कोणत्या बांधीला काय नाव होतं, मंडईची दंडार कुठल्या चौकात उभी राहायची, कोणत्या घाटावरून डोंगा सुटायचा, हे सारं त्यांच्या तोंडून कॅमेऱ्यात भरून ठेवावं, असं ठरलं. पैसे गटाचे होते. त्यामुळे कॅमेरा परवडणारा हवा आणि चित्र चांगलं हवं, एवढ्या दोनच अटी.

पण तिथंच अडलं. एकीचा पुतण्या म्हणाला, फोर-केशिवाय घेऊच नका. दुसरी म्हणाली, हातात मोबाइल असताना कॅमेरा कशाला? तिसरीला ओळखीतल्या शूटिंगवाल्याचा जुना कॅमेरा स्वस्तात मिळत होता. बोलणं वाढत गेलं, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आजीनं पिशवीतून एक काळी कॅसेट काढली आणि म्हणाली, "पोरीच्या लग्नाची आहे. यात आपलं जुनं घर आहे. पण माय, आता ही लावायची कशात?"

कोणाकडंच उत्तर नव्हतं. मग आम्ही ठरवलं, कॅमेरा घेण्याआधी कॅमेऱ्याचा इतिहास समजून घ्यायचा. आपल्या आधीच्या माणसांनी, विशेषतः बायांनी, ही निवड कशी केली ते पाहायचं. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आपल्या धरणाचं सांगू, म्हणजे काळाचा हिशेब जुळेल. पवनी तालुक्यात वैनगंगेवर होणाऱ्या या इंदिरासागर प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणायची, हा हेतू. २००९ साली याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आज ३३ दरवाज्यांची ती भिंत आपण सगळ्याच ओळखतो. भूमिपूजनापासून पाणी चढेपर्यंत बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत गावात लग्नं होत होती, बारशी होत होती, आणि नेमक्या त्याच वर्षांत खेड्यापाड्यांत व्हिडिओ कॅमेरा पोचला. आजीच्या हातातली कॅसेट त्या काळातली. म्हणजे जुन्या गावाचं चालतंबोलतं चित्र कोणी मुद्दाम घेतलं नाही, पण लग्नाच्या निमित्तानं ते घेतलं गेलं.

आता थोडं मागं जाऊ. आपल्या देशात अगदी सुरुवातीला हौसेनं चित्रपटाचा कॅमेरा विकत घेणाऱ्यांपैकी एक माणूस मराठीच होता. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणत. फोटोग्राफी हा त्यांचा धंदा. त्यांनी इंग्लंडहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. त्या काळी २१ गिनी ही लहान रक्कम नव्हती. सामान्य घरात कॅमेरा येणं तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

सामान्य घरात कॅमेरा आला तो दादासाहेब फाळक्यांच्या. आणि ती गोष्ट सांगताना सरस्वतीबाईंचं नाव आधी घ्यायला हवं. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. पण कॅमेरा हाती आला म्हणजे काम झालं, असं नव्हतं. कच्ची फिल्म यायची तिला कडेची भोकं नसायची. ती अंधारात बसून पाडावी लागत. मग फिल्म धुणं, सुकवणं. हे सारं सरस्वतीबाई शिकल्या. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने दिले. वर कामावरच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडंच होता.

फाळक्यांनी आधी कॅमेरा पारखून पाहिला, तोही घरातच. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्र घेत त्याच्या वाढीची छोटी फिल्म केली. रोप डोळ्यांदेखत उगवताना पाहून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला. मग 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक, कॅमेऱ्याची खरी किंमत दुकानाच्या पावतीवर लिहिलेली नसते. तो चालवायला, भरलेलं चित्र तयार करायला आणि सांभाळायला जे लागतं, ते सगळं धरून किंमत होते. दोन, मोठं काम हाती घेण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याएवढं छोटं काम करून पाहायचं.

पुढची कित्येक वर्षं चित्रपट म्हणजे फिल्मचं रीळ. ते एकदाच वापरता यायचं, आणि धुवून येईपर्यंत काय आलं, काय बिघडलं, ते कळायचं नाही. हा खर्च आणि ही वाट पाहणं संपलं ते चुंबकी फितीमुळं. १९६० नंतरच्या दशकात जपानच्या सोनी कंपनीनं खांद्याला अडकवून नेता येईल असं व्हिडिओचं यंत्र काढलं. कॅमेरा हातात, रेकॉर्डर खांद्यावर, दोन्हींच्या मध्ये वायर. चित्र काळंपांढरं. पण घेतलेलं लगेच पाहता येई आणि नको असेल तर त्याच फितीवर पुन्हा भरता येई. १९७६ साली जेव्हीसी कंपनीनं व्हीएचएस कॅसेट आणली. १९८३ च्या सुमारास कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात आले. 'कॅमकॉर्डर' हे नाव त्यातूनच पडलं. १९८५ मध्ये आठ मिलिमीटरची बारीक फीत आली, आणि कॅमेरा तळहातावर मावू लागला.

आपल्याकडं १९८२ च्या एशियाड खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं आणि पाठोपाठ व्हीसीआर आले. खेड्यात व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर सिनेमे बघितल्याचं आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल. मग लग्नात शूटिंग सुरू झालं. पॅनासोनिकचे एम-३०००, एम-९००० असे खांद्यावरचे मोठे कॅमेरे आणि सोबत डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा. तो दिवा हौसेचा नव्हता. त्या कॅमेऱ्यांना अंधुक उजेडात चित्र धड दिसायचंच नाही. म्हणून त्या कॅसेटींत नवरीचा चेहरा पांढराफटक दिसतो आणि मागची माणसं काळोखात जातात.

आता बायांकडं वळू. १९८४ साली अहमदाबादेत एक मोठी गोष्ट घडली. कष्टकरी बायांची 'सेवा' ही संघटना तिथं १९७२ पासून काम करत होती. अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट तिथं आल्या आणि त्यांनी सुमारे वीस जणींना व्हिडिओ शिकवला. त्यांत भाजी विकणाऱ्या बाया होत्या. कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. तरी त्या कॅमेरा, आवाज आणि जुळवणी हे सारं शिकल्या, आणि 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली. आपल्या बाजारातलं, आपल्या मजुरीचं चित्र त्यांनी स्वतः घेतलं आणि इतर बायांना दाखवलं. यंत्र चालवायला शाळेचा दाखला लागत नाही, हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं.

धरणाच्या पाण्याचं चित्र घेण्याची गोष्टही महाराष्ट्रात झालेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात जाणाऱ्या नर्मदाकाठच्या आदिवासी गावांचं चित्रण आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांनी केलं. 'अ नर्मदा डायरी' हा त्यांचा माहितीपट १९९५ सालचा. ते काम व्हिडिओवर झालं. पुन्हा पुन्हा डोंगरात जाऊन दिवसचे दिवस थांबायचं तर महागडी फिल्म आणि मोठा लवाजमा परवडत नाही. स्वस्त आणि हलका कॅमेरा म्हणजे कमी प्रतीचं काम, असं समजायचं कारण नाही. काही कामं हलक्या कॅमेऱ्यानंच होतात.

आणखी जवळचं उदाहरण तेलंगणातलं आहे, झहीराबादजवळच्या पस्तापूरचं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतल्या दलित शेतकरी बाया तिथं कित्येक वर्षांपासून स्वतः चित्रपट करतात. २००८ पासून त्यांचा 'संघम रेडिओ'ही आहे, आपल्यासारखाच गावचा रेडिओ. त्यांनी कॅमेऱ्याच्या भाषेला आपली नावं दिली. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून घेतलेल्या चित्राला त्या 'संघम शॉट' म्हणतात, कारण संघात सगळ्या एका पातळीवर बसतात. आजी खाली बसली असेल तर आपणही खाली बसून चित्र घ्यायचं. याला एक पैसाही लागत नाही, आणि चित्र चांगलं होतं.

मग १९९५ मध्ये डिजिटल फीत आली. मिनीडीव्ही म्हणतात ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट. चित्र आधीपेक्षा बरंच स्वच्छ, आणि नक्कल केली तरी फिकं न होणारं. त्यानंतर फीत जाऊन मेमरी कार्ड आलं, आणि शेवटी कॅमेरा मोबाइलमध्ये शिरला. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. त्यानंतर नवा व्हीसीआर बनवणारं कोणी उरलं नाही. आजीच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. कॅसेट आहे, पण ती लावायचं यंत्र जगातून संपत चाललं आहे.

एवढा इतिहास ऐकल्यावर आमच्या बैठकीतला वाद आपोआप निवळला. चांगलं चित्र म्हणजे काय, याचा अर्थच बदलला. जे आज टीव्हीवर झगझगीत दिसतं ते चांगलं, असं आम्ही धरून चाललो होतो. आता आमच्या मते चांगलं चित्र तेच, ज्यात माणूस ओळखू येतो, त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि जे वीस वर्षांनी आपल्या नातींनाही लावून बघता येईल. परवडणारा कॅमेरा तो, ज्यातून हे तिन्ही होतं आणि गटाची तिजोरी रिकामी होत नाही.

मग एकेक पर्याय घेतला. शूटिंगवाल्याचा जुना कॅमेरा मिनीडीव्ही फितीचा होता. चित्र वाईट नव्हतं. पण कोऱ्या फिती आता सहज मिळत नाहीत, आणि फितीवरचं चित्र संगणकात घ्यायला जी फायरवायरची जागा लागते ती नव्या संगणकांत नसते. स्वस्तात घेतलेली गाय आणि तिचा चारा बाजारात नाही, असं झालं असतं. तो पर्याय सोडला. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला जुना कॅमेरा कोणाला मिळत असेल, तर आणखी एक पाहा. अमेरिकेची जुनी व्हिडिओ पद्धत एनटीएससी, आपली पाल. त्यांची चित्रं सेकंदाला ३०, आपली २५. नव्या कॅमेऱ्यातही ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ असा पर्याय असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तो पर्याय चुकला तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकतात.

फोर-केचं गणितही मांडून पाहिलं. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. फोर-केमध्ये ३८४० आणि २१६०, म्हणजे चौपट. चौपट ठिपक्यांना जागा जास्त, संगणक दमदार, खर्च वाढता. सपरीत बसून बोलणाऱ्या आजीसाठी फुल एचडी पुरेसं आहे. ठिपक्यांपेक्षा उजेड महत्त्वाचा. म्हणून दुकानात गेलो तेव्हा दिव्याखाली ठेवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र पाहून भुललो नाही. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकीला उभं केलं, चित्र घेतलं आणि मोठ्या टीव्हीवर लावायला सांगितलं. स्वस्त कॅमेऱ्याची खोट अंधारात दिसते. चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे नाचतात.

झूमचंही तसंच. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुतेक वेळा डिजिटल झूमचा असतो. तो चित्र नुसतं ताणतो आणि फाडतो. भिंगाचा झूम किती, म्हणजे ऑप्टिकल झूम, तेवढंच विचारायचं. मंडईत लांबून दंडार टिपायची असेल तर तोच कामी येतो, आणि मोबाइलपेक्षा कॅमकॉर्डर बरा ठरतो तो इथंच. शिवाय फोटोच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमाला असा कॅमेरा घेऊन बसलात तर ऐन रंगात चित्र तुटेल.

सगळ्यांत मोठी परीक्षा आवाजाची. दहा पावलांवरून बोलणाऱ्या बाईचा आवाज कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकमध्ये धड येत नाही. वारा, कोंबडं, शेजारचा ट्रॅक्टर सगळं येतं. म्हणून बाहेरचा माइक लावायची जागा कॅमेऱ्याला आहे का, हे आधी पाहायचं. पदराला लावायचा छोटा वायरचा माइक आजही स्वस्त मिळतो. ऐकायला हेडफोनची जागा असेल तर उत्तम, म्हणजे आवाज भरतोय की नाही ते तिथंच कळतं.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. साधारण फुल एचडी चित्रणाला तासाला सात ते दहा जीबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात सहा ते नऊ तास बसतात. कार्ड 'क्लास १०'चं घ्यावं, आणि व्हिडिओ एमपी-फोर प्रकारात जमा होतो का ते विचारावं, म्हणजे तो कुठल्याही मोबाइलवर उघडतो.

शेवटी आम्ही पैशाचे चार वाटे केले. निम्मे कॅमेऱ्याला. त्यात माइकची जागा असलेला फुल एचडी कॅमकॉर्डर आला, नवा पण मागच्या सालचा. उरलेल्यातून एक वाटा माइक, तिपाई स्टँड आणि जास्तीच्या बॅटरीला. एक वाटा दोन हार्ड डिस्कना. एक डिस्क गटाच्या कपाटात, दुसरी वेगळ्या गावातल्या मैत्रिणीच्या घरी, म्हणजे एका ठिकाणी पाणी शिरलं किंवा वीज कडाडली तरी दुसरी राहते. आणि चौथा वाटा जुन्या कॅसेटींना. हा वाटा आधी कोणाच्याच डोक्यात नव्हता. पण नव्या कॅमेऱ्यानं जुनं गाव दिसणार नाही. ते दिसेल फक्त त्या काळ्या कॅसेटींत, आणि त्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या मरत आहेत.

आम्ही घरोघर विचारलं. कोणाची कॅसेट धान्याच्या कोठीमागं होती, कोणाची पेटीत. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये टाकायची नाही. यंत्र खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. तालुक्याच्या गावी एका जुन्या शूटिंगवाल्या भाऊंकडं चालू व्हीसीआर निघाला. त्यांनी कॅसेटी उघडून फिती हळूहळू हातानं साफ केल्या, मग एकेक लावून संगणकात घेतली. काही गेल्याच. एका घरच्या लग्नाच्या कॅसेटीवर कोणीतरी नंतर टीव्हीवरचा सिनेमा भरलेला निघाला. वरात संपते आणि एकदम मारामारी सुरू होते. त्या घरची बाई हसली, मग गप्प झाली. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ती मोडली की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. एवढी गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती, तर ती वरात पुरी राहिली असती.

आजीची कॅसेट मात्र लागली. चित्र थरथरत होतं, रंग फिके झाले होते, आवाजात खरखर होती. आजच्या हिशेबानं अगदी वाईट चित्र. वरात गल्लीतून येते तेवढी तीन-चार मिनिटं. आम्ही सगळ्या नवरीकडं पाहत होतो. आजी पाहत होती तिच्या मागं. "तो बघा आपला कडुनिंब. ते कुंभाराचं घर. आणि ती उभी आहे ना पदर डोईवर घेऊन, ती माझी सासू." सासूचा एकही फोटो घरात नव्हता. आजीनं ते चित्र तीनदा लावायला लावलं.

दुसऱ्या दिवशी नवा कॅमेरा आम्ही पहिल्यांदा आजीसमोर मांडला. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, सकाळच्या उजेडात, पदराला माइक लावून. ती कडुनिंबापासून सुरू झाली आणि नदीपर्यंत घरं सांगत गेली. आमचा कुंडीतला वाटाणा तो.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी जुनी कॅसेट असेल तर आज काढून पाहा. पुसून, उभी, कोरड्या जागी ठेवा. बुरशी दिसली तर वेगळी ठेवा. पट्टी शाबूत असेल तर आधी मोडा. आणि गटात कॅमेऱ्याचा विषय निघाला, तर दुकानात जाण्याआधी एकमेकींना एवढंच विचारा, की हे चित्र वीस वर्षांनी कोण बघणार आहे आणि कशावर? उत्तर मिळालं की निवड सोपी होते. आज एवढंच. नमस्कार.